नासीरच्या काचेतलं कासव

उखर्डूनानांचा फोटो काचेतून काढायचा आणि तिथे माझा लावायचा, एवढंच मी ठरवलं होतं. त्यापुढे जे झालं त्याला मी एकटा जबाबदार नाही. थोडा वाटा आमच्या कुटुंबाचा आहे, थोडा सावद्याच्या केळ्यांचा, आणि बराचसा एका कासवाचा.

धुळ्यात नासीरचा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या दर्शनी काचेत एका वेळी एकच मोठा फोटो असतो, आणि त्या काचेत जो लागला तो गावात मोठा, असा आमच्याकडे समज आहे. गेली सहा वर्षं तिथे आमच्या कचेरीतले हेडक्लार्क उखर्डूनाना उभे होते. एक पाय जमिनीवर, एक पाय बिबट्यावर. बिबट्या सोनगीरच्या किल्ल्याजवळ दुसऱ्याच कोणीतरी मारला होता आणि नाना तिथे नुसते पंचनाम्याचे कागद घेऊन गेले होते, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. पण फोटोत पंचनामा दिसत नाही, पाय दिसतो. त्या पायाच्या जोरावर नाना सहा वर्षं माझ्या रजेच्या अर्जांवर नाक मुरडत आले.

अशात पंचावन्न साली माझा मेहुणा निंबा याचं मोंबासाहून पत्र आलं. तो तिथे हिंदी लोकांच्या शाळेत मास्तर आहे. त्याला नऊ वर्षांनी मुलगा झाला होता, आणि मुलाचं नाव आत्यानेच ठेवायचं, आत्या येईपर्यंत बारसं थांबवून ठेवतो, असा त्याने हट्ट धरला होता. बोटीची दोन तिकिटंही पाठवली होती. आत्या म्हणजे माझी बायको मंदाबाई. (दुसरं तिकीट माझं होतं ते केवळ तिला एकटीला कसं पाठवायचं म्हणून. हे निंबाने पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.)

मी पत्र घेऊन तडक नासीरकडे गेलो. आफ्रिका म्हटल्यावर नासीरचेही डोळे चमकले. त्याने आपला स्वतःचा पेटीकॅमेरा माझ्या हातात दिला, आठ फोटोंचा रोळ भरून दिला, आणि सांगितलं की कौतिकराव, जिवंत जंगली जनावराबरोबर तुमचा एक फोटो आणा, दुसऱ्या दिवशी नाना काचेबाहेर. फोटो काढायची विद्याही त्याने मला एका वाक्यात शिकवली.

"सूर्य नेहमी पाठीमागे ठेवायचा, बाकी सगळं पेटी करते."

झालं. मी कचेरीत सांगून टाकलं की सिंहाबरोबर फोटो आणणार. देवपुरातल्या आमच्या गल्लीत सांगितलं. पांझरेच्या पुलावर भेटेल त्याला सांगितलं. नानांनी रजेवर सही करताना एवढंच विचारलं, की सिंहाला हे कळवलंय का. मी सही झालेला अर्ज उचलला आणि निघालो. काही उत्तरं फोटोनेच द्यायची असतात, असं त्या वेळी मला वाटत होतं.

मंदाबाई ही सावद्याच्या केळीवाल्या घरातली लेक. तिने सामान बांधलं त्यात कळण्याच्या भाकरीचं पीठ, ज्वारीचे बिबडे, ठेचा, बाळाला दुपटी, हळदकुंकवाचा करंडा आणि माहेरच्या मळ्यातल्या हिरव्या केळ्यांची एक टोपली, पेंढा घालून बांधलेली. मी तिला समजावलं की बाई, आपण चाललोय तिथे केळी उदंड पिकतात. ती म्हणाली की पिकत असतील, पण ती सावद्याची नाहीत. माहेरच्या केळ्यांच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून मुंबई, आणि मुंबईला बोटीत चढेपर्यंत ती टोपली माझ्या डोक्यावर होती.

बोटीवर पहिल्या पाच दिवसांत मी सात फोटो काढले. ते कसे गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. एक बंदराचा, एक समुद्राचा, दुसऱ्या दिवशीचा समुद्र जास्त निळा वाटला म्हणून पुन्हा एक समुद्राचा. एक कप्तानाचा, तोही तो वळल्यावर. एक माझ्या स्वतःच्या बुटांचा (ही चूक होती). एक मंदाबाईचा, बोट लागून आडवी पडलेली असताना, त्यावरून ती दीड दिवस बोलली नाही. सातवा कशाचा निघाला ते नासीरलाही नंतर ओळखता आलं नाही. मग पाहतो तर पेटीच्या लाल खिडकीत आठाचा आकडा. बोटीवरच्या दुकानात आमच्या मापाचा रोळ नव्हता.

त्यात आमच्या शेजारच्या खोलीत दोंडाईच्याच्या रहिमाबी होत्या. साठी उलटलेली बाई, डोक्यावरून पदर कधी ढळायचा नाही. मुलाकडे मोंबासाला ही त्यांची चौथी खेप. मंदाबाईशी त्यांची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. मी त्यांना सिंहाबद्दल विचारलं तर म्हणाल्या की चार खेपांत आपण तिथे एक सिंह पाहिला, तो बिस्किटाच्या डब्यावर. सिंह पाहायचा तर मोंबासाहून आत शेकडो मैल जावं लागतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. निंबाने तर पत्रात सिंहाचं नावही काढलेलं नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी फळ्यावर नोटीस लागली. बोट सेशेल्स बेटांना लागणार आहे, दिवसभर थांबेल, ज्यांना बेटावरचे वन्य प्राणी पाहायचे असतील त्यांना लाँचने किनाऱ्यावर नेण्यात येईल, जाड बूट घालावेत, प्रवाशांनी आपापल्या जबाबदारीवर यावं. ती शेवटची ओळ वाचून माझी छाती फुगली. आपापल्या जबाबदारीवर म्हणजे जनावर तसंच असणार. मी लाल काठाचं नवं धोतर नेसलो, कोट चढवला, टोपी घातली, हातात काठी घेतली, आणि निंबाच्या नावे एक चिठ्ठी लिहून उशीखाली ठेवली. (बोटीवरच्या पोऱ्याने ती नंतर कपडे धुण्याची यादी समजून परत आणून दिली.)

मंदाबाईचं वेगळंच चाललं होतं. बोटीच्या उकाड्याने टोपलीतली केळी एका रात्रीत सगळीच्या सगळी पिकली होती. मोंबासा अजून तीन दिवस लांब. आता ही भावाच्या हातात पडत नाहीत हे तिला कळलं आणि तिचे डोळे भरून आले. मग तिने पदराला डोळे पुसले, पिशवीत तीन डझन केळी भरली, आणि म्हणाली की बेटावर कुणीतरी खाईल, माहेरची केळी समुद्रात टाकणार नाही.

किनाऱ्यावर उतरलो. आमच्याबरोबर पंधरावीस गोरे प्रवासी, रहिमाबी, आणि पुढे तिथलाच एक वाटाड्या. नारळाच्या झाडांतून चढण चढत तासभर गेलो. मी काठी पुढे धरून मंदाबाईच्या पुढे चालत होतो. शेवटी वाटाड्या एका दगडी कुंपणाशी थांबला आणि त्याने हात केला. तिथे झाडाखाली पाचसहा मोठे धोंडे पडले होते. मी वाघ-सिंह धोंड्यांमागे शोधत असताना एका धोंड्याने मान बाहेर काढली.

कासव. मी सव्वादोन हजार मैल समुद्र ओलांडून कासव पाहायला आलो होतो. पांझरेच्या डोहात दगड मारला की बुडी घेतं तेच ते. आकार मात्र कबूल केला पाहिजे, आमच्या घरच्या चुलीसकट पाटावरवंटा त्याच्या पाठीवर मावला असता. वाटाड्या म्हणाला, यातलं मोठं दीडशे वर्षांचं आहे. मला त्याच्या वयाचं काय करायचं होतं? नानांचा पाय बिबट्यावर आणि मी कासवाशेजारी, हे मनात येऊन मी मटकन खाली बसलो.

तेवढ्यात मागे गलका झाला. पाहतो तर मंदाबाईने चपला कुंपणाबाहेर काढून ठेवल्या होत्या, पदर डोक्यावरून घेतला होता, आणि ती सरळ त्या मोठ्या कासवापुढे जाऊन बसली होती. पिशवीतला करंडा उघडून तिने त्याच्या कपाळावर हळदकुंकू लावलं, पुढ्यात केळं ठेवलं, आणि डोकं टेकलं. तिच्या मनात शंकाच नव्हती. सावद्याच्या महादेवापुढे दगडाचं कासव आहे, त्याला हात लावल्याशिवाय ती कधी आत गेली नाही. इथे तर ते जिवंत भेटलं. कासवानेही डोळे मिटून सगळं करून घेतलं आणि केळं सालासकट खाल्लं.

गोरे लोक वेडे झाले. दहाबारा कॅमेरे एकदम तिच्यावर लागले. एका मडमेने तर आपलंही कपाळ पुढे केलं आणि मंदाबाईने तिलाही कुंकू लावलं. खरं सांगतो, त्या घटकेला मला फार अभिमान वाटला. सावद्याची ही बाई, इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, आणि सगळं बेट तिच्याभोवती. मी शेजारच्या साहेबाला छाती पुढे काढून सांगितलं, "माय वाइफ." साहेब मला म्हणाला की जरा बाजूला व्हा, फोटोत येताय.

तिथे माझं डोकं फिरलं. ठरवलं की कासव तर कासव, पण फोटो असा काढायचा की नाना काचेआड कोमेजले पाहिजेत. कासवावर स्वार व्हायचं, काठी तलवारीसारखी धरायची. मी पेटी मंदाबाईच्या हातात दिली आणि कासवावर टांग टाकून बसलो.

"अहो, उतरा खाली," ती म्हणाली. "आत्ता ज्याच्यापुढे मी डोकं टेकलं, त्याच्यावर तुम्ही बसू राहिले?"

मी म्हटलं, फोटोपुरता बसतोय, दोन मिनिटं. ती म्हणाली, शेजारी हात जोडून उभे राहा, लगेच काढते. आता कासवाला हात जोडलेला फोटो मी धुळ्यात कुठल्या तोंडाने दाखवणार होतो? मी बसून राहिलो. तिने पेटी कुंपणावर ठेवली, केळ्यांची पिशवी उचलली, आणि पाठ फिरवून चालू लागली.

इथे मी एक गोष्ट विसरलो होतो. केळी चालली की कासवही चालतं.

ते उठलं. आधी पुढून, मग मागून, आणि मला घेऊन मंदाबाईच्या मागे निघालं. वेग म्हणाल तर काहीच नव्हता, चालता माणूस दोनदा पुढे जाऊन परत आला असता. पण मागे कठडा नाही, लगाम नाही, आणि पाठ गुळगुळीत. मी ओरडलो की रहिमाबी, पेटी घ्या, सूर्य पाठीमागे ठेवा, सगळं मावलं की खटका ओढा. त्या बिचाऱ्यांनी आयुष्यात कधी कॅमेरा धरला नव्हता.

"माले बठ्ठं समजनं," सगळं समजल्याचं त्या पेटी उलटसुलट करत आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "पन भाऊ, म्हातारं जनावर शे हाई. त्याना वर काय बसतस?"

पुढे चिखलाचं डबकं होतं. मंदाबाई त्याला वळसा घालून गेली. कासवाला डबकं दिसलं, केळ्यांचा विसर पडला, आणि ते काठावर फतकल मारून बसलं. पाय आत, मान आत. मी घाईघाईने डबक्याच्या बाजूला उतरलो, तर उतरता येईना. धोतराचा सोगा पलीकडच्या बाजूने त्याच्या मागच्या पायात आणि कवचात पक्का अडकला होता. धोतर कासवाच्या पाठीवरून आलेलं, त्याचं एक टोक कासवाकडे आणि दुसरं माझ्या कमरेला. मी ओढलं. कासवाने पाय आणखी आत घेतला.

तेवढ्यात खाली बोटीचा भोंगा झाला. लाँच परतायची वेळ. गोरे लोक भराभर उतरू लागले. वाटाड्या म्हणाला की हे आता ऊन उतरेपर्यंत हलत नाही, कापड सोडून द्या. कापड सोडून द्या म्हणे! त्या कापडाखाली मंदाबाईने गादीच्या उरलेल्या कापडाची शिवलेली पट्ट्यापट्ट्याची चड्डी होती, आणि चार मडमा अजून कुंपणाजवळ उभ्या होत्या. काचेचं राहू द्या, आता बोट चुकते, बाळाचं बारसं राहतं आणि आमचा संसार या बेटावर मांडावा लागतो, असं सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी हाक मारली, "अगं मंदा." लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यात एवढ्या गोड आवाजात मी तिला हाक मारली नव्हती.

ती परत आली. मला तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. कासवासमोर बसली आणि त्याच्या गळ्याखाली हात घालून हलके हलके खाजवू लागली. बैलाच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवतात तसं, अगदी तसंच. "बाबांचा लाख्या असाच रुसून बसायचा," ती म्हणाली, कुणाला ते कळलं नाही. "पोळ्याच्या दिवशी तर हटकून. ऊठ रे राजा. चुकले ते. त्यांना समजत नाही."

आणि ते दीडशे वर्षांचं धूड उठलं. मान आली, लांबली, आणखी लांबली. चारी पाय ताठ झाले, कवच हातभर वर गेलं, आणि डोळे मिटून ते गळा पुढे करून उभं राहिलं. वाटाड्याने तोंडात बोट घातलं. मी या वेळी सगळ्या ताकदीने धोतर ओढत होतो. सोगा सुटेल म्हणून ओढत होतो, सुटलं ते कमरेचं. मी मागच्या मागे डबक्यात पडलो आणि धोतर कासवाच्या पाठीवर पसरलं. नेमक्या त्याच क्षणी रहिमाबींनी खटका ओढला.

चिखलातून मी पहिला प्रश्न विचारला तो फोटोचा. त्या म्हणाल्या, "बठ्ठं दखायनं भाऊ. तू मात्र नही दखायना." म्हणजे सगळं दिसलं, फक्त मी नाही.

धोतर झटकून गुंडाळलं, शेवटची लाँच गाठली. रात्री जेवणाच्या वेळी कप्तान स्वतः आमच्या टेबलाशी आला, मंदाबाईसमोर मान झुकवली आणि गेला. माझ्याकडे त्याने नुसतं पाहिलं. मला राग आला नाही. मी तिला म्हटलं, मंदा, तू आज नाव काढलंस. ती म्हणाली, जेवा आता, आणि कानात चिखल आहे तो काढा.

मोंबासाला बारसं थाटात झालं. आत्याने नाव ठेवलं, निंबा रडला. तिथे रोळ मिळत होता, सिंह मिळत नव्हता. दोन महिन्यांनी धुळ्याला परतलो ते मान खाली घालूनच.

नासीरने रोळ धुतला. मी भीत भीत आठवा फोटो हातात घेतला. काय सांगू, फोटो अप्रतिम आला होता. डोक्यावर पदर घेतलेली मंदाबाई, तिच्या हातावर गळा टेकून उभं राहिलेलं ते अजस्र कासव, कपाळाला कुंकू, आणि पाठीवर लाल काठाचं पांढरं वस्त्र दोन्ही बाजूंनी नीट ओघळलेलं. पोळ्याच्या बैलावर झूल घालावी तसं. मी कवचामागे होतो. चड्डीचा एक पट्टासुद्धा दिसत नव्हता. मी देवाचे आभार मानले. फोटोत खाली पुढच्या बाजूला काहीतरी काळं आलं होतं, ते कापू का, असं नासीरने विचारलं. मी म्हटलं, राहू दे, तेवढाच फोटो मोठा दिसतो.

नाना काचेतून निघाले, मंदाबाई लागली. बायका देवपुरातून पूल ओलांडून फोटो पाहायला येऊ लागल्या. कासवाला झूल घालणारी बाई म्हणून तिचं नाव झालं. सावद्याहून सासरे आले आणि काचेसमोर उभे राहून त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. झुलीचं कापड कुठल्या दुकानातलं, असं मला तिघींनी विचारलं. मी रोज संध्याकाळी काचेजवळ उभा राहायचो. अभिमानाने ऊर भरून यायचा, आणि एक गोष्ट सलायची. झूल माझी आहे असं सांगावं तर चड्डीचं सांगावं लागतं, आणि न सांगावं तर मी फोटोत कुठेच नाही.

शेवटी एकदा काचेसमोर चांगली पंचवीस माणसं असताना, मंदाबाईही शेजारी उभी असताना, उखर्डूनाना आले. त्यांनी फोटो शांतपणे पाहिला आणि विचारलं की कौतिकराव, यात तुम्ही कुठे आहात?

मला एकदम सुचलं. मी कोट सारखा केला आणि म्हणालो, "फोटो काढणारा फोटोत कसा दिसेल, नाना? हा फोटो मी काढलाय."

गर्दीतून वाहवा झाली. नासीरने माझ्या पाठीवर थाप मारली. सहा वर्षांत पहिल्यांदा नानांनी नाक मुरडलं नाही. मंदाबाईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी सूर्य पाठीमागे ठेवण्याची विद्या दोन वाक्यांत समजावून सांगितली, सूर्य बरोबर पाठीमागे होता म्हणूनच हे असं साधलं, हेही सांगितलं. लोक माना डोलावत होते.

नाना मात्र काचेजवळ वाकले होते. चष्मा पुसून ते फोटोच्या खालच्या भागाकडे, त्या काळ्या जागेकडे पाहत राहिले. मग त्यांनी तिथे बोट ठेवलं. मीही वाकलो. सूर्य पाठीमागे असला की माणसाची सावली पुढे पडते, हे नासीरने मला सांगितलं नव्हतं. गवतावर स्वच्छ सावली पडली होती. हातात पेटी, अंगावर लुगडं, डोक्यावर पदर, आणि पदराचं टोक वाऱ्यावर उडालेलं.

"कौतिकराव," नाना म्हणाले, "तुम्ही पदर कधीपासून घेता?"

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी मंदाबाईकडे पाहिलं. नवऱ्याची अब्रू जाताना पाहून ती कधी स्वस्थ बसलेली नाही. ती पुढे आली आणि ठाम आवाजात म्हणाली, "तिथे ऊन फार होतं, नाना. मीच त्यांना लुगडं नेसायला लावलं."